पश्चिमेच्या थोडे उत्तरेला

रमजान जवळ आला की कपाटातल्या जानमाजी उन्हात टाकल्या जातात, खजुरांचे खोके घरात येतात आणि नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबात एक प्रश्न हमखास निघतो : किब्ला कुठल्या बाजूला? म्हणजे नमाज पढताना तोंड कुठे करायचे? आजोबा खिडकीकडे हात करतात. ‘सूर्य तिकडे मावळतो ना, मग तिकडेच.’ तेवढ्यात नातू मोबाइल पुढे करतो. मोबाइलमधला बाण सरळ पश्चिमेला नसतो. तो थोडा उजवीकडे, उत्तरेच्या अंगाला कललेला असतो. आजोबांना वाटते मोबाइल बिघडला, नातवाला वाटते आजोबांचा अंदाज चुकला. शेवटी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा जगाचा नकाशा उघडला जातो. नकाशात मक्का जवळपास सरळ पश्चिमेलाच दिसते. आजोबा जिंकतात.

मोबाइल मात्र बरोबर असतो. गंमत म्हणजे नकाशाही खोटा नसतो. मग घोळ कुठे होतो? हा घोळ दोन-चार अंशांचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी पृथ्वीच्या गोलपणाचा प्रश्न आहे. एका मोठ्या परंपरेने तो हजार वर्षांपूर्वीच मनावर घेतला होता.

नागपूर आणि मक्का

घोळ समजून घ्यायला महाराष्ट्रात नागपूरइतके सोयीचे शहर नाही. नागपूरचे अक्षांश सुमारे २१ अंश ९ मिनिटे उत्तर, तर मक्केचे सुमारे २१ अंश २५ मिनिटे उत्तर. फरक पाव अंशाच्या आसपास. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतात. मग नागपूरकराचा किब्ला अगदी पश्चिमेला असायला हवा.

आता नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीगोल घ्यावा आणि एक साधा दोरा. दोऱ्याचे एक टोक नागपूरवर, दुसरे मक्केवर धरून दोरा ताणावा. दोरा अक्षवृत्तावर बसत नाही. तो नागपूरहून निघताना पश्चिमेच्या थोडा उत्तरेला जातो, वाटेत ओमानच्या पूर्व टोकाजवळ साडेबावीस अंशांपर्यंत वर चढतो आणि मग खाली मक्केला उतरतो. गोलावरचा सर्वांत जवळचा, म्हणजेच सर्वांत सरळ मार्ग हाच. त्याची नागपूरहून निघतानाची दिशा पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेला आहे. मालेगावातही साधारण ८, औरंगाबादेत ९, मुंबईत १०, पुण्यात ११ आणि कोल्हापुरात १४ अंश. मोबाइलचा बाण एवढाच कललेला असतो.

असे का होते, ते उत्तर ध्रुवाजवळ उभे राहून पाहिले की लगेच पटते. ध्रुवापासून दहा पावलांवर एक माणूस उभा आहे. दुसरा त्याच्या बरोबर समोर, ध्रुवाच्या पलीकडे दहा पावलांवर. दोघे एकाच अक्षवृत्तावर आहेत. पहिला माणूस ‘पश्चिमेला’ चालत राहिला, तर तो ध्रुवाभोवती अर्धा गोल फिरून दुसऱ्याला भेटेल. पण कुठलाही शहाणा माणूस असे करणार नाही. तो सरळ ध्रुव ओलांडून वीस पावलांत पोहोचेल, आणि त्याची निघतानाची दिशा असेल उत्तर. अक्षवृत्त ही सरळ रेषा नसून वळण आहे, एवढाच याचा अर्थ. नागपूरच्या अक्षांशावर हे वळण सौम्य आहे, पण आहे.

वाटेल, एवढ्याने काय बिघडते? अंतराच्या हिशेबात खरोखर फार बिघडत नाही. नागपूर ते मक्का हे अंतर चार हजार किलोमीटरच्या थोडे वर आहे. अक्षवृत्त धरून गेले, तर जेमतेम दहा किलोमीटर जास्त पडतील. पण दिशेच्या हिशेबात फरक मोठा आहे. नागपूरहून नेमक्या पश्चिमेला तोंड करून कुठेही न वळता नाकासमोर चालत राहणारा माणूस मक्केला पोहोचणार नाही. तो मक्केच्या सुमारे पाचशे किलोमीटर दक्षिणेला तांबड्या समुद्रात असेल.

संत्र्याची साल

नागपूरचा विषय निघालाच आहे, तर संत्रेही हाताशी घ्यावे. त्याची साल एकसंध काढून टेबलावर सपाट बसवून पाहावी. एक तर ती फाटते, नाही तर ताणावी लागते. १८२७ मध्ये जर्मन गणितज्ञ गाउस यांनी वक्र पृष्ठभागांचा सिद्धांत मांडला. त्यानुसार गोलाचा पृष्ठभाग, सर्व अंतरे जशीच्या तशी ठेवून, सपाट करताच येत नाही. म्हणून कोणताही सपाट नकाशा काहीतरी राखतो आणि काहीतरी सोडून देतो. आकार, क्षेत्रफळ, अंतर, दिशा ही सगळी एकाच कागदावर खरी ठेवणारा जगाचा नकाशा आजवर झालेला नाही आणि पुढेही होणार नाही.

भिंतींवर सर्वांत जास्त दिसलेला नकाशा गेरार्डस मर्केटर यांच्या पद्धतीचा. हा १५६९ मधला. तो काढला खलाशांसाठी. होकायंत्रावर एकच कोन धरून जहाज चालवले, तर तो मार्ग या नकाशावर सरळ रेषेत येतो. भर समुद्रात, रात्री-बेरात्री सुकाणू धरणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती? पण या सोयीसाठी मर्केटर यांना ध्रुवांकडचा प्रदेश ताणत न्यावा लागला. ६० अंश अक्षांशावर लांबी-रुंदी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्याच्याही वर तर विचारूच नये. ध्रुव स्वतः या नकाशात मावतच नाही.

परिणाम असा, की या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात ग्रीनलँडचे क्षेत्रफळ सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आणि आफ्रिकेचे तीन कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे एका आफ्रिकेत चौदा ग्रीनलँड बसतील. आपला भारत ३२.८७ लाख चौरस किलोमीटरचा, ग्रीनलँडच्या दीडपट. पण भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँडपुढे भारत एखाद्या खिशासारखा दिसतो. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड मिळून भारताच्या साधारण एक तृतीयांश भरतात, पण या नकाशात तिघे मिळून भारतापेक्षा मोठे वाटतात. खलाशासाठी काढलेला नकाशा शाळेच्या भिंतीवर गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात जगाची मापे चुकीची ठसली.

याविरुद्ध आवाजही उठले. १९७३ मध्ये जर्मन इतिहासकार आर्नो पीटर्स यांनी क्षेत्रफळे खरी दाखवणारा नकाशा मांडला. त्यात आफ्रिका मोठी झाली, पण लांबट ओढल्यासारखीही झाली, कारण क्षेत्रफळ राखायचे तर आकार सोडावा लागतो. २०१८ मध्ये ‘इक्वल अर्थ’ नावाचा, डोळ्यांना अधिक बरा वाटणारा समक्षेत्र नकाशा तयार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मर्केटर नकाशाऐवजी असा नकाशा वापरावा या मोहिमेला आफ्रिकन युनियनने पाठिंबा दिला. एका खंडाला आपल्या खऱ्या आकारासाठी दाद मागावी लागते, यावरून सपाट कागदाची ताकद कळते.

बिरुनीचे गणित

किब्ल्याचा प्रश्न मर्केटरच्याही कितीतरी आधीचा. इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला तसे समरकंदपासून कॉर्डोबापर्यंत लोकांना रोज पाच वेळा एकाच ठिकाणाकडे तोंड करायचे होते. सुरुवातीला वारे, तारे, सूर्याचा उदयास्त यांवरून दिशा धरली जाई. पुढे गणिती मंडळींनी हा प्रश्न हातात घेतला आणि तो नकाशाचा नसून गोलाचा आहे हे ओळखले.

ख्वारिज्ममध्ये ९७३ साली जन्मलेले अल बिरुनी हे त्यांतले मोठे नाव. भारतावरच्या ग्रंथामुळे इकडे ते सर्वांना ठाऊक आहेत. पण १०२५ मध्ये त्यांनी पुरा केलेला एक ग्रंथ केवळ शहरांची नेमकी जागा ठरवण्याविषयी आहे, आणि त्यातला एक मुख्य उद्देश गझनी शहराचा किब्ला काढणे हा होता. एका शहराची दिशा काढण्यासाठी त्यांनी गावोगावचे अक्षांश-रेखांश तपासले. आजच्या पाकिस्तानातील पंजाबात नंदना किल्ल्यावर असताना त्यांनी जवळच्या डोंगराची उंची मोजली. माथ्यावरून क्षितिज किती अंश खाली झुकलेले दिसते तेही मोजले आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. उत्तर आजच्या मापाच्या जवळचे आले.

या गणितात भारताचा वाटा मोठा आहे. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणतात. आर्यभटांच्या परंपरेतली ही ‘ज्या’ अरबी गणितात ‘जीब’ म्हणून गेली. अरबी लिपीत स्वरचिन्हे गाळली जात असल्याने तीच अक्षरे पुढे ‘जैब’ अशी वाचली गेली. जैब म्हणजे कपड्याची घडी, गळ्याजवळचा खोळ. उर्दूतली ‘जेब’ म्हणजे खिसा हा शब्द इथलाच. लॅटिन भाषांतरकारांनी जैबचा अर्थ घेऊन ‘सायनस’ केले आणि त्याचे झाले ‘साइन’. दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिला जाणारा साइन असा संस्कृत, अरबी, लॅटिन फिरून परत आला आहे. किब्ल्याचा कोन काढताना हाच साइन लागतो. मक्केची दिशा शोधणाऱ्या गणितात उज्जैन-पाटण्याच्या पंडितांची मेहनतही मुरलेली आहे.

चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजच्या वेळा काढणारे शम्सुद्दीन अल खलीली यांनी तर कोष्टकच तयार करून ठेवले. कुठलेही अक्षांश-रेखांश घ्या, किब्ल्याचा कोन समोर. जवळजवळ तीन हजार नोंदी, सगळ्या हातांनी केलेल्या. सतराव्या शतकात इराणमध्ये घडवलेल्या काही पितळी तबकड्या आज उपलब्ध आहेत. त्यांच्या मध्यभागी मक्का आहे आणि रेषांचे जाळे असे वळवले आहे, की कोणत्याही शहरावर पट्टी ठेवली की दिशा आणि अंतर दोन्ही वाचता येते. १९०९ मध्ये इजिप्तमध्ये काम करणारे जेम्स आयर्लंड क्रेग यांनी याच कामासाठी कागदी नकाशा काढला. त्यात देशांचे आकार विचित्र होतात, पण मक्केची दिशा खरी राहते. खलाशाने आपला नकाशा मागितला, नमाजीने आपला.

दोन बाजूंना तोंड

दिशेचा प्रश्न कागदावरून माणसांत उतरला की तो नाजूक होतो. १८९० पासून डचांनी जावा बेटावरचे मजूर दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला नेले. जावात किब्ला पश्चिमेला. सुरीनामहून मक्का पूर्वेला. पण अनेकांनी वाडवडिलांची पश्चिम सोडली नाही. पुढे काहींनी पूर्वेकडे तोंड वळवले आणि एकाच समाजात पश्चिममुखी आणि पूर्वमुखी अशा दोन मशिदी झाल्या. पश्चिमेकडे तोंड करणाऱ्यांना केवळ अडाणी म्हणून चालणार नाही. समुद्रापलीकडे आलेल्या माणसाकडे गावाची म्हणून राहिलेली तेवढीच एक वस्तू होती.

अमेरिकेत वाद वेगळा झाला. वॉशिंग्टनचे अक्षांश जवळपास ३९ उत्तर. मक्का त्याच्या बरीच दक्षिणेला. सपाट नकाशा सांगतो, आग्नेयेला तोंड करा. पण १९५७ मध्ये तिथल्या इस्लामिक सेंटरची मशीद उघडली, तेव्हा तिचा किब्ला उत्तरेपासून सुमारे साडेछप्पन्न अंश पूर्वेला, म्हणजे ईशान्येला होता. मक्का दक्षिणेला असताना उत्तरेकडे तोंड? पुढे अमेरिकेच्या अनेक गावांत यावरून चर्चा रंगल्या. पृथ्वीगोलावर दोरा ताणला की शंका मिटते. मुंबईहून न्यूयॉर्कला मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांनाही विमानातल्या पडद्यावर हेच कोडे पडते. विमान सरळ पश्चिमेला न जाता रशियाच्या दिशेने वर का चढते? ते वर चढतच नाही, ते सरळच जाते. वाकलेला असतो तो पडद्यावरचा नकाशा.

मग ज्यांनी आयुष्यभर सरळ पश्चिमेला तोंड करून नमाज पढली, त्यांचे काय? फकीहांनी हा विचार फार पूर्वी केला आहे. काबा डोळ्यांसमोर असेल त्याने नेमके त्याच्याकडेच तोंड करावे. जो दूर आहे त्याला ती बाजू पुरते, असे हनफी मत आहे. कोकणातल्या मुस्लिमांत रूढ असलेल्या शाफई मतात नेमकेपणावर अधिक भर आहे, पण तिथेही माणसाने आपल्याकडच्या साधनांनी प्रामाणिक शोध घ्यावा एवढीच अपेक्षा. म्हणून काही अंश तिरक्या असलेल्या जुन्या मशिदी कुणी पाडत नाही. फार तर आतल्या सफा जरा वळवून घालतात. दिशा शोधणे हे कर्तव्य, आणि चुकलेल्याला समजून घेणे हेही.

वर कोण, खाली कोण

याच संदर्भात एक जुना नकाशा आठवतो. ११५४ मध्ये अल इद्रिसी या मुस्लिम भूगोलज्ञाने सिसिलीच्या ख्रिस्ती राजासाठी, दुसऱ्या रॉजरसाठी, पालेर्मो शहरात जगाचा नकाशा आणि त्याचे वर्णन पुरे केले. प्रवाशांना, व्यापाऱ्यांना बोलावून, त्यांच्या सांगण्याचा ताळा घेऊन केलेले हे काम. आज तो नकाशा पाहणाऱ्याला प्रथम काहीच कळत नाही, कारण त्यात दक्षिण वर आहे. कागद उलटा धरला की युरोप, अरबस्तान ओळखू येते. उत्तर वर असावी असा निसर्गाचा नियम नाही, तो कागदाचा रिवाज आहे. गोल वस्तूला वर-खाली नसते आणि तिच्या पृष्ठभागाला मध्यही नसतो. जो नकाशा काढतो तो आपले गाव मध्यात ठेवतो.

सावलीची साक्ष

यातले काहीच पटले नाही, तर पडताळून पाहायला ना मोबाइल लागतो ना गणित. मे महिन्यात महाराष्ट्रात शून्य सावलीचे दिवस येतात हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मुंबईत मेच्या मध्याला, नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मक्का नागपूरच्याच अक्षांशाजवळ असल्याने तिथला शून्य सावलीचा दिवस लगेच पुढे, २७-२८ मेला येतो. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काब्याच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या क्षणी आपल्या अंगणात एक काठी ओळंब्यात उभी करावी. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे पाहिले की समोर किब्ला. १५-१६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ दाटलेले असते. मे महिन्याचा मुहूर्त साधावा.

हा प्रयोग फक्त नमाजींचा नाही. घरातल्या भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वी गोल असल्याचे वाक्य प्रत्येक मूल पाठ करते. इथे ते अंगणात उतरते. ज्या क्षणी नागपूरची काठी पश्चिमेच्या ८ अंश वर बोट दाखवते, त्याच क्षणी कोल्हापूरची १४ अंश वर दाखवते. दोन्ही सावल्या खऱ्या, दोन्ही एकाच ठिकाणाकडे पाठ करून पडलेल्या.

ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर रमजानच्या अखेरच्या दिवसांत अंतराळ स्थानकात गेले. ते स्थानक दर दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरी मारते. एका रकातीत किब्ला कुठल्या कुठे जातो. मलेशियातील उलेमांनी त्यांच्यासाठी मार्गदर्शन तयार केले. जमेल तर काब्याकडे, नाही तर काब्याच्या वरच्या आकाशाकडे, तेही नाही तर पृथ्वीकडे, आणि काहीच जमले नाही तर जिकडे जमेल तिकडे तोंड करावे. ईदही त्यांनी तिथेच साजरी केली. खिडकीबाहेर नकाशा नव्हता, वर-खाली नव्हते, सगळी गावे एकाच गोलावर होती.

नव्या फ्लॅटमधल्या आजोबांनी यंदा जानमाज जरा तिरकी घातली असेल, तर नातवाने हसू नये. आणि नातवाने एखाद्या संध्याकाळी इफ्तारनंतर पृथ्वीगोल आणि दोरा आणलाच, तर शेजारच्या मुलांनाही हाक मारावी. दोऱ्याचे एक टोक आपल्या गावावर ठेवावे. दुसरे टोक ज्याला जिथे पोहोचायचे असेल तिथे.